सुगीच्या पैशाची वाटणी : घरखर्च चालवून ठरावीक कामासाठी शिल्लक कशी टाकावी

शेतकरी कुटुंबाची आवक आणि जावक यांची गाठ क्वचितच पडते. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि त्यानंतर पुढील सुगीपर्यंत मोठी रक्कम अशी हाती येत नाही. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. तेल, मीठ, चहा-साखर, औषधपाणी, विजेचे देयक, मुलांच्या वह्या-पुस्तके, पाहुणेरावळे यांपैकी एकही गोष्ट सुगीची वाट पाहत नाही. त्यातही जून महिना विशेष कठीण जातो. मृगाची पेरणी आणि शाळेची सुरुवात ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी येतात, गाय बहुधा आटत आलेली असते आणि लग्नसराईने घरातील उरलीसुरली रोकड नुकतीच नेलेली असते. ज्यास मासिक वेतन मिळते त्याला घरखर्च भागवून महिन्याच्या अखेरीस काही शिल्लक टाकता येते. शेतकऱ्यास तो मार्ग नाही. त्याने शिल्लक टाकावयाची ती सुगीतच, आणि तीही खर्चास प्रारंभ होण्यापूर्वी टाकली पाहिजे.

ही रीत शेतकऱ्यास नवीन नाही. संकरित व विकतच्या बियाण्यांचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक घरी खळ्यावरच उत्तम कणसे निवडून बियाणे वेगळे काढीत असत. ते राखेत घोळून कणगीत किंवा मडक्यात ठेवीत, आणि घरात धान्य संपले तरी सहसा त्या मडक्यास हात लावीत नसत. खाऊन उरेल ते पेरू, असा विचार कोणी करीत नसे. पैशाच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी 'खर्चून उरले तर बाजूस टाकू' असे म्हणतो, आणि ते उरत नाही. दुसरी दुभती गाय, विहिरीवरील मोटार, मुलीचे शिक्षण, घराचे छप्पर ही कामे मग वर्षानुवर्षे लांबणीवर पडतात किंवा कर्ज काढून केली जातात.

एका कुटुंबाचा हिशेब

नुसत्या उपदेशापेक्षा आकड्यांनी ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मराठवाड्यात किंवा वऱ्हाडात पाच एकर कोरडवाहू जमीन असलेले एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. चार एकरांत सोयाबीन व तुरीचे आंतरपीक आहे, एका एकरात घरच्या खाण्यासाठी व कडब्यासाठी रब्बी ज्वारी आहे, आणि दारात एक संकरित गाय आहे. पुढील आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत.

समजा, एकरी ६ क्विंटलप्रमाणे २४ क्विंटल सोयाबीन झाले आणि ते ४,५०० रुपये दराने विकले गेले. म्हणजे १,०८,००० रुपये आले. तूर एकरी २ क्विंटलप्रमाणे ८ क्विंटल झाली व तिला ७,००० रुपये दर मिळाला. तिचे ५६,००० रुपये झाले. गाय वर्षातून आठ महिने दुधात असते. घरात वापरून रोज ४ लिटर दूध ३० रुपये दराने डेअरीस घातले, तर २४० दिवसांचे २८,८०० रुपये होतात. सर्व मिळून आवक १,९२,८०० रुपये झाली.

आता जावक पाहू. नांगरट, बियाणे, खते, फवारणी, मजुरी व मळणी धरून चार एकरांस ५२,००० आणि ज्वारीस ६,००० असा शेतीचा खर्च ५८,००० रुपये येतो. गाईची पेंड व औषधे ८,००० रुपये. घरखर्च दरमहा ६,५०० प्रमाणे वर्षाचे ७८,००० रुपये. शाळा, कपडे व सणवार यांचे १८,००० रुपये. एकूण जावक १,६२,००० रुपये होते. शिल्लक राहतात ३०,८०० रुपये.

हा आकडा वाचून पुष्कळ शेतकरी म्हणतील की, आमच्या हाती तर एवढे कधीच राहत नाही. ते खरे आहे. तथापि ही रक्कम कागदावर उरते आणि घरात उरत नाही, याचे कारण काय, याचा शोध घेणे हेच या हिशेबाचे प्रयोजन आहे.

पहिले कारण असे की, नोव्हेंबरात एक लाख आठ हजार रुपये एकदम हाती आले म्हणजे ते सर्व आपलेच आहेत असे वाटू लागते. वास्तविक त्यातील बहुतेक पैसा आधीच खर्चून गेलेला किंवा पुढे बांधला गेलेला असतो. दुधाचे महिन्याला ३,६०० रुपये येतात. ६,५०० च्या घरखर्चास ते २,९०० रुपयांनी कमी पडतात. आठ महिन्यांची ही तूट २३,२०० रुपये झाली. गाय आटल्यावरच्या चार महिन्यांत सर्वच्या सर्व २६,००० रुपये पिकाच्या पैशातून द्यावे लागतात. म्हणजे सोयाबीन-तुरीच्या पैशातील ४९,२०० रुपये हे घरातील तेल-मिठाचे आहेत, ते दिवाळीच्या खरेदीचे नाहीत. मोंढ्याच्या वाटेवरील दुकानदारांस सोयाबीनची आवक केव्हा होते हे कृषी खात्याइतकेच नेमके ठाऊक असते, आणि त्यांच्या सवलतीच्या पाट्याही त्याच सुमारास लागतात.

दुसरे कारण उधारीचे आहे. जूनमध्ये पैसा संपलेला असतो, म्हणून दहा हजार रुपये शेकडा ३ दरमहाने घेतले, तर नोव्हेंबरअखेर सहा महिन्यांचे १,८०० रुपये व्याज होते. वर्षाच्या मानाने हा दर शेकडा ३६ पडतो. दुकानची उधारी बिनव्याजी दिसते, परंतु उधारीच्या गिऱ्हाइकास भाव विचारण्याची सोय राहत नाही. आडत्याकडून उचल घेतली असल्यास माल त्याच्याच दुकानी आणि सुगीच्या पडत्या भावात घालावा लागतो. ही तिन्ही नुकसाने जमाखर्चाच्या वहीत कोठेच दिसत नाहीत. ती शिल्लक मात्र खाऊन टाकतात.

वाटणीचा क्रम

सबब मालाची पट्टी हाती आल्याबरोबर, त्याच दिवशी किंवा फार तर त्या आठवड्यात, पैशाची वाटणी करावी. क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी पेरणीचा पैसा. ज्याने सोसायटीकडून किंवा बँकेकडून पीककर्ज घेतले आहे, त्याच्या बाबतीत पेरणीचा पैसा राखून ठेवणे आणि कर्ज मुदतीत फेडणे ही एकच गोष्ट होय. कारण फेडलेले कर्ज पुढील हंगामास पुन्हा मिळते. वरील कुटुंबाने ५८,००० रुपये पीककर्ज काढले असेल, तर ७ टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज ४,०६० रुपये होते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास केंद्र शासनाकडून ३ टक्क्यांची सवलत मिळते, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेला भारही उतरतो. म्हणजे केवळ मुदत पाळल्याने चार हजार रुपये वाचतात. थकबाकीदारास ही सवलत नाही. कर्ज अंगावर ठेवून तोच पैसा ठेवीत गुंतविणारे काही शेतकरी आढळतात. त्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

येथे थोडा पूर्वेतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला भाग त्या वेळी शेकडा ३ च्या आसपास होता आणि सावकारांकडून आलेला भाग शेकडा ७० च्या जवळपास होता. आज सोसायट्या व बँका गावाजवळ आल्या आहेत आणि १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डही आहे. शेतीसाठी स्वस्त पैसा मिळतो, परंतु घरखर्चासाठी शेतकरी पुन्हा महाग पैशाकडे वळतो, किंवा पीककर्जाचाच पैसा घरात खर्च करून खतासाठी उसनवारी करतो. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या प्रमाणावर १० टक्के रक्कम सुगीनंतरच्या व घरगुती गरजेसाठी धरलेली आहे. तेवढी वापरावयास हरकत नाही. त्यापलीकडे हात घातला की पिकाचा एखादा हप्ता चुकलाच म्हणून समजावे.

दुसरा वाटा घरखर्चाचा. वरील हिशेबातील ४९,२०० रुपये बँकेच्या बचत खात्यात ठेवून दरमहा ठरलेल्या तारखेस दुधाच्या महिन्यात २,९०० आणि आटलेल्या महिन्यात ६,५०० रुपये काढावेत. घराने स्वतःलाच दिलेला हा पगार होय. यात गाईच्या पेंडीचे ८,००० आणि शाळा-सणवाराचे १८,००० रुपयेही त्या त्या महिन्याच्या नावे लिहून ठेवावेत; जूनच्या नावे सर्वांत मोठी रक्कम पडेल.

तिसरा वाटा अडीअडचणीचा. उरलेल्या ३०,८०० मधून १०,००० रुपये कोणत्याही कामाच्या नावाने न बांधता ठेवावेत. आजारपण, गाईचे अपघात, पाऊस लांबल्यामुळे करावी लागणारी दुबार पेरणी यांसाठी ते आहेत. हे दहा हजार घरात असतील तर वर सांगितलेले १,८०० रुपये व्याज द्यावे लागत नाही. कोणत्याही सुरक्षित ठेवीवर इतके उत्पन्न मिळणार नाही. या रकमेस पुष्कळ लोक निरुपयोगी पडून राहिलेला पैसा मानतात, हा गैरसमज होय.

यानंतर राहिलेले २०,८०० रुपये हे ठरावीक कामाचे.

कामाची खरी किंमत व मुदत

समजा, कुटुंबास दुसरी गाय घ्यावयाची आहे आणि तिची किंमत ६०,००० रुपये आहे. वर्षास २०,८०० प्रमाणे तीन सुगींत ६२,४०० रुपये जमतात. दोन वर्षांत गाय घेऊ असे मनात धरले असेल, तर ते या हिशेबात बसत नाही, आणि ते आधीच कळलेले बरे.

परंतु गाईची किंमत म्हणजे तिच्या खरेदीचे पैसे एवढेच नव्हे. हिरव्या चाऱ्याखेरीज रोज ६ किलो कोरडी वैरण धरली, तरी वर्षास सुमारे २२ क्विंटल लागते. एका एकराच्या कोरडवाहू ज्वारीचा कडबा दोन जनावरांस पुरत नाही. सोयाबीनचे भुसकट मिसळून काही भाग निघेल, उरलेली वैरण विकत घ्यावी लागेल किंवा ज्वारीचे क्षेत्र वाढवावे लागेल. आणि ज्वारी वाढविली तर सोयाबीनचे उत्पन्न कमी होईल. विम्याचा हप्ता आणि गोठ्यातील दुरुस्ती वेगळी. हे सर्व वहीत लिहिल्यावर गाय घेणे अजूनही फायद्याचे दिसत असेल तर अवश्य घ्यावी. न दिसल्यास त्याच पैशात शेततळ्यातून एक पाणी देण्याची सोय होते का, हे तपासावे. मोटारसायकलीच्या बाबतीत हाच विचार अधिक कसोशीने करणे जरूर आहे, कारण तिचा हप्ता दरमहा येतो आणि सोयाबीन दरमहा येत नाही.

पैसा कोठे ठेवावा

ज्या कामास दोन-तीन वर्षे आहेत त्यासाठी पोस्टाची किंवा बँकेची मुदत ठेव सोयीची. पोस्टात १, २, ३ व ५ वर्षांच्या ठेवी असून किमान रक्कम १,००० रुपये आहे. गाईचे उदाहरण घेतल्यास पहिल्या सुगीचे पैसे दोन वर्षांच्या ठेवीत, दुसऱ्या सुगीचे एका वर्षाच्या ठेवीत टाकावेत; तिसऱ्या सुगीच्या वेळी तिन्ही रकमा एकत्र हाती येतात. व्याजाचे दर शासन दर तिमाहीस ठरविते, म्हणून ठेव ठेवतेवेळी खिडकीवर विचारून घ्यावे.

ज्या घरात दुधाचा पैसा नियमित येतो त्यांना पोस्टाची आवर्ती ठेव उपयुक्त आहे. ती पाच वर्षांची असते व महिन्यास किमान १०० रुपयांपासून सुरू करता येते. हिच्यात एक सोय अशी आहे की, ती पिकावर अवलंबून असणाऱ्यांच्याही कामी यावी, परंतु फारच थोड्यांस ठाऊक असते. हप्ते आगाऊ भरता येतात. १०० रुपयांच्या हप्त्याचे सहा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास १० रुपये आणि बारा महिन्यांचे भरल्यास ४० रुपये सूट मिळते. म्हणजे ५०० रुपयांचे खाते असणाऱ्याने तूर विकल्यावर वर्षाचे सर्व हप्ते भरून टाकले, तर त्याला ६,००० ऐवजी ५,८०० रुपये द्यावे लागतात आणि पुढे हप्ता चुकण्याची भीती राहत नाही. तीन वर्षांपूर्वी हे खाते मोडता येत नाही, ही गोष्ट काहींस अडचण वाटेल; पाच वर्षांनी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या फीसाठी ती सोयच आहे.

दहा वर्षांखालील मुलीच्या नावे २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी खात्यात वर्षास किमान २५० रुपये भरता येतात. पैसे एकरकमी किंवा जमतील तसे भरण्याची मोकळीक असल्यामुळे ते सुगीच्या आवकेस जुळते. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

जादा व्याजाच्या आशेने गावोगावच्या पतसंस्थांत व भिशीत पैसा ठेवण्याची प्रथा आहे. त्या सर्वच वाईट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि बँकेतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतील ठेवीस व भिशीस हे संरक्षण नाही. ज्या पैशावर मुलीचे शिक्षण अवलंबून आहे तो तेथे ठेवू नये.

माल लगेच न विकता थांबावयाचे असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. त्यातून पीककर्ज फेडले व दिवाळी भागविली तर थांबण्यास अर्थ आहे. भाव चढेलच अशी खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.

वाटणीस कोण बसावे

पट्टीचा पैसा बहुधा घरातील पुरुषाच्या हाती येतो आणि रोजचा खर्च बाईच्या हातून होतो. जून महिन्यात डबा रिकामा झाल्याचे प्रथम तिलाच समजते. असे असता वाटणीच्या वेळी तिला विचारले जात नाही, आणि घरखर्चाचा आकडा हमखास कमी धरला जातो. ज्या घरात ६,५०० लागतात तेथे ४,००० धरले, तर वर्षाअखेर तीस हजारांची चूक होते. म्हणजे वरील हिशेबातील सर्व शिल्लक नाहीशी होते. घरखर्चाचा आकडा घरातील बाईने सांगावा व तो तसाच वहीत मांडावा. जेथे महिला बचत गट आहे तेथे ही कामे सोपी जातात, कारण आठवड्यास वीस-पन्नास रुपये ठेवण्याची व ती लिहून ठेवण्याची सवय तेथे लागलेली असते, आणि लहान अडचणीस गटातूनच कर्ज मिळते.

पीक बुडाल्यास

पाऊस दगा देईल त्या वर्षी वरील आकड्यांपैकी एकही टिकणार नाही. अशा वर्षी प्रथम ठरावीक कामाचा वाटा थांबवावा, नंतर अडीअडचणीची रक्कम वापरावी, त्यानंतर सणवाराचा खर्च कमी करावा. पीककर्ज फेडणे अशक्य झाले तर मुदत उलटू देऊ नये. मुदतीपूर्वीच बँकेत किंवा सोसायटीत जाऊन चौकशी करावी. नैसर्गिक आपत्तीने ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले असल्यास कर्जाचे रूपांतर करून लांब मुदतीने फेडण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये केली, परंतु गप्प बसणाऱ्याच्या खात्यावर थकबाकी चढत जाते. ठेव मोडावी लागलीच तर सर्वांत अलीकडची मोडावी, म्हणजे जुन्या ठेवीवरील व्याज जात नाही.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

गावात या कामास सुरुवात करावयाची असल्यास भाद्रपद संपण्यापूर्वी करावी. मळणी सुरू झाल्यावर शेतकऱ्यास बसावयास वेळ नसतो. प्रथम चार-पाच कुटुंबे घ्यावीत. दोनशे पानी साध्या वहीत बारा महिन्यांची बारा पाने पाडून प्रत्येक पानावर डावीकडे त्या महिन्याची अपेक्षित आवक व उजवीकडे जावक लिहावी. मागील वर्षीची मोंढ्याची पट्टी, डेअरीची दहा दिवसांची देयके, खताच्या पावत्या व दुकानची उधारीची वही समोर असल्यास आकडे अंदाजाने घालावे लागत नाहीत. लिहिता न येणाऱ्या घरी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींस बसवावे. ती हे काम आनंदाने करतात असे आढळून येते. वही कुटुंबाकडेच राहील, कार्यकर्त्याने ती घरी नेऊ नये व एका घरचे आकडे दुसऱ्या घरी बोलू नयेत. तूर विकल्यानंतर फेब्रुवारीत एकदा व पेरणीपूर्वी मे महिन्यात एकदा त्या घरी जाऊन धरलेले आकडे व प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडून घ्यावेत.